स्क्रूज इतका खडूस का झाला? एका नाताळकथेच्या अनेक सिनेमांविषयी

डिसेंबर लागला की ओटीटीवर एकच गोष्ट निरनिराळ्या तोंडावळ्यांनी समोर येऊ लागते. एका पोस्टरवर कृष्णधवल जमान्यातला डोळे वटारलेला म्हातारा, दुसऱ्यावर उंच टोपी घातलेलं बदक, तिसऱ्यावर जिम कॅरीचं लांबलचक नाक, चौथ्यावर मायकेल केन आणि त्याच्याबरोबर हिरवा बेडूक. गोष्ट तीच, इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल', आणि म्हातारा तोच, स्क्रूज. २०२५च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये गुरिंदर चढ्ढाचा 'ख्रिसमस कर्मा' आला. त्यात तर हा म्हातारा चक्क सूद आडनावाचा निघाला. 'द बिग बँग थिअरी'मधला कुणाल नय्यर त्या भूमिकेत आहे. त्याच सुमाराला हॉलिवूडमधून बातमी आली की जॉनी डेपला घेऊन आणखी एक 'कॅरल' काढायचं ठरलंय.

साहजिकच दोन प्रश्न पडतात. एकाच गोष्टीवर इतके सिनेमे का? आणि त्यातला पाहायचा कोणता? क्रमवारी लावणाऱ्या याद्या यूट्यूबवर खंडीभर आहेत आणि पहिला नंबर कुणाचा यावरून खाली भांडणंही जुंपलेली असतात. मला त्यापेक्षा एक साधी पट्टी उपयोगी वाटते. सिनेमा पाहताना दोनच गोष्टींवर नजर ठेवायची. म्हातारा इतका खडूस का झाला, याचं सिनेमा काय उत्तर देतो? आणि झग्याखालच्या दोन पोरांचं तो काय करतो? कुठली पोरं ते सांगतो, पण आधी गोष्ट.

## गोष्ट काय आहे

एबेनेझर स्क्रूज हा लंडनमधला धनको आणि व्यापारी. त्याचा भागीदार जेकब मार्ली सात वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशीच वारला, पण पाटीवरचं त्याचं नाव पुसायची तसदी स्क्रूजने घेतलेली नाही. कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगांवर राबतो आणि शेगडीत कोळशाचा जेमतेम एक खडा असल्यामुळे मेणबत्तीवर हात शेकायला बघतो. भाचा फ्रेड नाताळच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला येतो, त्याला स्क्रूज वाटेला लावतो. मग गोरगरिबांसाठी वर्गणी मागायला दोन गृहस्थ येतात. स्क्रूज त्यांना विचारतो, तुरुंग बंद पडले का? वर्कहाउस चालू नाहीत का? वर्कहाउस म्हणजे निराधारांना दोन घास देऊन त्या बदल्यात राबवून घेणारे कोंडवाडे. तिथे जाण्यापेक्षा लोक मरण पत्करतील, असं गृहस्थ सांगतात. मग मरू देत, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल, असं स्क्रूजचं उत्तर.

त्या रात्री मार्लीचं भूत येतं. त्याच्या कमरेला गल्ले, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या आणि पोलादी थैल्यांची लांबलचक साखळी आहे. जन्मभर मीच ती कडीकडीने घडवली, असं तो सांगतो. त्याच्यामागून तीन आत्मे येतात. पहिला स्क्रूजला त्याचं बालपण आणि तारुण्य दाखवतो, दुसरा आज घरोघरी चाललेला नाताळ दाखवतो. त्यात बॉबचं दाटीवाटीचं घर आणि त्याचा कुबडी घेऊन चालणारा धाकटा मुलगा टायनी टिम येतो. तिसरा आत्मा तोंडातून शब्द काढत नाही. तो एक बेवारशी मरण दाखवतो, मेलेल्याच्या पलंगाचे पडदे कड्यांसकट काढून भंगारवाल्याला विकणारी बाई दाखवते त्या मरणाची किंमत, आणि शेवटी थडगं. थडग्यावर नाव स्क्रूजचंच. सकाळी तो जागा होतो, खिडकीतून रस्त्यावरच्या पोराला हाक मारून दुकानातली सगळ्यात मोठी टर्की बॉबकडे धाडतो, भाच्याकडे जेवायला जातो आणि दुसऱ्या दिवशी बॉबचा पगार वाढवतो. टिम जगतो.

पुस्तक इतकंच आहे, दोन-तीन तासांत वाचून होणारं. ते हाताशी असलं तर आधी ते वाचावं, सिनेमे कुठे पळून जात नाहीत.

## डिकन्स चिडला कशावर होता?

हे कळलं नाही तर सिनेमांतला फरक कळत नाही. ब्रिटनमध्ये १८३४ साली गरिबांच्या मदतीचा नवा कायदा आला. त्याचा रोख असा की मदत इतकी जाचक करायची की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी दारात येऊच नये. त्यामागे माल्थस या अर्थतज्ज्ञाचा विचार होता. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, तेव्हा गरिबांना मदत करून काही साधत नाही, असं मानणारी मंडळी तेव्हा चांगल्या प्रतिष्ठित घरांतली होती. स्क्रूजचं 'जादा लोकसंख्या' हे बोलणं म्हणजे त्या काळच्या शहाण्यासुरत्या लोकांची भाषा आहे. तो विक्षिप्त म्हणून तसं बोलत नाही.

१८४३ साली कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी चौकशी अहवाल डिकन्सने वाचला. त्यावर एक पत्रक काढायचं त्याने ठरवलं होतं. मग विचार बदलला. सप्टेंबरमध्ये तो लंडनच्या फील्ड लेन भागातली, फाटक्या कपड्यांतल्या मुलांसाठी चालवलेली फुकट शाळा पाहून आला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये शिक्षणावर भाषण केलं आणि सहा-एक आठवड्यांत ही गोष्ट लिहून काढली. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात आलं आणि पहिल्या ६,००० प्रती नाताळच्या आधीच संपल्या. किंमत ५ शिलिंग. म्हणजे बॉब क्रॅचिटला स्वतःची गोष्ट विकत घ्यायची तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता!

डिकन्सचा स्वतःचा हिशेबही यात होता. तो १२ वर्षांचा असताना बाप कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेला आणि पोराला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवायला बसावं लागलं. गरिबी म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

## इतके सिनेमे निघाले कसे?

कारण साधं आहे. डिकन्स १८७० मध्ये वारला आणि गोष्टीवरचा मालकीहक्क कधीच संपला. ती कुणीही घ्यावी, कशीही वाकवावी, कुणाची परवानगी नको. खरं तर लोक हक्क संपायची वाट पाहत बसलेच नव्हते. पुस्तक आल्यावर महिन्याभरात एका प्रकाशनाने त्याची चोरटी आवृत्ती काढली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला, आणि चोरांनी दिवाळं जाहीर केल्यामुळे ७०० पौंडांचा खर्च त्याच्याच अंगावर आला. १८४४च्या फेब्रुवारीपर्यंत लंडनच्या रंगभूमीवर या गोष्टीची आठ नाटकं लागली होती.

सिनेमा आला तसा स्क्रूजही आला. रॉबर्ट पॉलच्या कंपनीने १९०१ साली केलेल्या मूकपटाचा थोडा भाग आजही शाबूत आहे. त्यात दाराच्या कडीवर मार्लीचा चेहरा उमटतो आणि काळ्या पडद्यावर स्क्रूजचा भूतकाळ दिसतो. आत्मे तीन नाहीत, मार्लीचं भूतच सगळं दाखवतं. म्हणजे गोष्टीत फेरफार करायची रीत पहिल्या दिवसापासूनची आहे.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा का बघायची, हे मराठी माणसाला वेगळं समजावायला नको. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला हरिश्चंद्राचं आख्यान पाठ असतं. तरी तो बसतो, कारण बुवा कुठला प्रसंग दोन ओळींत उरकतात आणि कुठे घटकाभर रेंगाळतात, यात बुवांचं म्हणणं कळतं. एका माध्यमातली गोष्ट दुसऱ्या माध्यमात नेताना हेच घडतं. या प्रकाराला रूपांतर म्हणतात आणि कुठल्याही रूपांतराचा स्वभाव त्यातल्या कात्रीवरून आणि ठिगळांवरून ओळखावा.

## खडूसपणाचं कारण: १९५१चं मोठं ठिगळ

स्क्रूज असा का झाला, यावर पुस्तक फार बोलत नाही. सुट्टीत सगळी मुलं घरी गेल्यावर शाळेत एकटाच राहिलेला, अलीबाबाच्या गोष्टीत रमलेला पोरगा आपल्याला दिसतो. बाप कडक होता, पुढे निवळला, एवढं धाकटी बहीण फॅन सांगते. मग तरुण स्क्रूजची वाग्दत्त वधू बेल लग्न मोडताना त्याला म्हणते की तुला जगाची फार धास्ती आहे. माझ्या मते पुस्तकातलं खरं उत्तर या एका वाक्यात आहे. ज्या गावात गरीब माणसाला कोंडवाड्यात टाकतात, तिथे माणूस गरिबीला भिणारच, आणि भ्यालेला माणूस पैशाला कवटाळणारच. मार्शलसीच्या दारात उभ्या राहिलेल्या पोराला हे लिहायला जड गेलं नसेल.

१९५१ साली ब्रिटनमध्ये ब्रायन डेस्मंड हर्स्टने 'स्क्रूज' नावाचा सिनेमा काढला. अॅलिस्टर सिम स्क्रूज झाला होता. पटकथा लिहिणाऱ्या नोएल लँग्लीला हे उत्तर अपुरं वाटलं असावं. त्याने स्क्रूजची आई बाळंतपणातच गेल्याचं दाखवलं, म्हणून बापाचा पोरावर राग. बहीण फॅनही भाचा फ्रेडच्या जन्मावेळी जाते, म्हणून स्क्रूजचा फ्रेडवर राग. शिवाय जॉर्किन नावाचा एक नवाच व्यापारी आणला, जो तरुण स्क्रूजला प्रेमळ मालकाकडून फोडून नव्या, निर्दय धंद्यात ओढतो. यातलं काहीही डिकन्सचं नाही.

आणि तरी सिनेमातला सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रसंग या ठिगळातूनच येतो. फॅन शेवटच्या घटका मोजतेय. तरुण स्क्रूज संतापाने खोलीबाहेर निघून जातो. तो गेल्यावर फॅन डोळे उघडते आणि म्हणते, माझ्या मुलाला सांभाळशील ना? हे ऐकायला तरुण स्क्रूज तिथे नाही. म्हातारा स्क्रूज मात्र आत्म्याबरोबर तिथेच उभा आहे, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते ऐकतोय. सिमचा चेहरा त्या क्षणी असा विरघळतो की पुढचं मनपरिवर्तन पटवून द्यायला वेगळा पुरावा लागत नाही.

शेवटी फ्रेडच्या दारात आणखी एक बारीक जागा आहे. हॅट हातात घेणारी मोलकरीण पोरसवदा आहे. बैठकीचं दार उघडायला स्क्रूजचा हात धजत नाही, तो मागे वळून तिच्याकडे पाहतो. ती नुसती मान हलवते, जा की आत, अशी. संवाद नाही. एवढ्या सगळ्या सिनेमांतून एकच क्षण निवडायचा तर मी हा निवडेन.

पण याची किंमत चुकवावी लागली. या सिनेमानंतर स्क्रूज हा दुखावलेला पोर झाला. आईच्या मृत्यूची कल्पना पुढच्या सिनेमांत झिरपली, १९८४च्या आवृत्तीतही ती आहे. एकदा दुखणं घरातलं ठरलं की बाहेरच्या कायद्याचा, कोंडवाड्याचा, माल्थसचा संबंध आपोआप पातळ होतो. मग प्रेक्षक म्हणतो, बिचारा! डिकन्सला आपल्याकडून 'बिचारा' अपेक्षित नव्हतं, थोडी शरम अपेक्षित होती.

## झग्याखालची दोन पोरं

आता त्या पोरांकडे. दुसऱ्या आत्म्याचा निरोप घेताना स्क्रूजला त्याच्या झग्याखाली काहीतरी हललेलं दिसतं. झगा बाजूला होतो. आत एक मुलगा आणि एक मुलगी, पिवळी पडलेली, खंगलेली, लांडग्यासारख्या चेहऱ्याची. ही माणसाची लेकरं, असं आत्मा सांगतो. मुलगा म्हणजे अज्ञान, मुलगी म्हणजे अभाव. दोघांपासून सावध राहा, पण मुलापासून जास्त, कारण त्याच्या कपाळावर विनाश लिहिलेला मला दिसतो. यांना कुठे आसरा नाही का, असं स्क्रूज हळवं होऊन विचारतो. त्यावर आत्मा त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकतो: तुरुंग नाहीत का? वर्कहाउस नाहीत का?

गोष्टीला या पोरांची गरज नाही. ती काढली तर कथानकात कुठेच खड्डा पडत नाही, म्हणून कात्री पहिली तिथे चालते. पण जे पत्रक डिकन्सने काढलं नाही, ते या अर्ध्या पानात आहे.

एमजीएमच्या १९३८च्या सिनेमात ही पोरं नाहीत. भंगारवालाही नाही, बेलही नाही. तासाभराहून थोड्याच जास्त लांबीचा तो सिनेमा गोजिरवाणा आहे. क्रॅचिट घराणं गुबगुबीत, आनंदी. जीन लॉकहार्ट बॉब, त्याची खरी बायको कॅथलीन मिसेस क्रॅचिट आणि त्यांची मुलगी जून त्यांच्या मुलीच्या भूमिकेत. बॉबची नोकरी जाते ती स्क्रूजच्या टोपीवर बर्फाचा गोळा बसल्यामुळे. अमेरिका तेव्हा महामंदीतून पुरती सावरलेलीही नव्हती. तिकीट काढून आलेल्या माणसाला उपाशी पोरं दाखवायची नाहीत, असा विचार स्टुडिओने केला असेल तर तो मला समजू शकतो. पण कॅरल त्यात उरलं नाही.

१९८४चा जॉर्ज सी. स्कॉटचा सिनेमा याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे. दिग्दर्शक क्लाइव्ह डॉनर हा १९५१च्या सिनेमाचा संकलक होता, त्यामुळे काय जोडायचं आणि काय कापायचं हे त्याला आतून ठाऊक होतं. त्याचा स्क्रूज चिडखोर नाही, रडका तर मुळीच नाही. तो बाजारात उभा राहून धान्याचा भाव अडवून धरतो आणि समोरच्या व्यापाऱ्यांना शांतपणे सांगतो की घ्यायचं तर या भावाने घ्या. धान्य महागलं की कुणाची चूल विझते ते सांगायला नको. पुलाखाली शेकोटीपाशी बसलेलं एक बेघर कुटुंबही सिनेमाने स्वतःच्या पदरचं घातलं आहे. पोरं येतात आणि स्कॉटचा चेहरा उतरतो. हे ठिगळ पुस्तकाच्या बाजूने लावलेलं आहे. चित्रीकरण इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावात झालं आणि स्क्रूजचं नाव कोरलेली खोटी थडग्याची शिळा तिथल्या सेंट चॅड चर्चच्या आवारातच राहिली. २०२४ मध्ये कुणीतरी ती फोडली तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या.

रिचर्ड विल्यम्सचा १९७१चा अॅनिमेशनपट फक्त २५ मिनिटांचा, जुन्या कोरीव चित्रांच्या धाटणीचा आणि ऑस्कर मिळवलेला. त्याला पोरांसाठी वेळ सापडला. मग दोन तासांच्या सिनेमांना तो का सापडू नये?

## 'पण पुस्तकाला धरून असेल तोच चांगला ना?'

हा आक्षेप हमखास येतो. त्याचं उत्तर २००९च्या सिनेमाकडे पाहून देता येतं. रॉबर्ट झेमेकिसने तो मोशन कॅप्चरने केला. म्हणजे नटाच्या अंगावर आणि चेहऱ्यावर खुणा लावून त्याच्या हालचाली संगणकात नोंदवायच्या आणि त्यावर चित्रातलं पात्र चढवायचं. जिम कॅरी स्क्रूजही झाला आणि तिन्ही आत्मेही. यातले संवाद बरेचसे डिकन्सचेच आहेत. पहिला आत्मा पुस्तकात आहे तसा, मेणबत्तीच्या ज्योतीसारखा. पोरं तर आहेतच, आणि पाहता पाहता मुलगा मोठा होऊन गजांआडचा गुंड होतो, मुलगी वेड्यांच्या जाकिटात जखडली जाते. दृश्य अंगावर येतं. मग तिसरा आत्मा आला की स्क्रूज उंदराएवढा होऊन काळ्या घोड्यांच्या शववाहिनीपुढे गटारातून पळत सुटतो. थ्रीडी चष्म्याचे पैसे वसूल व्हायला हवेत ना! शब्द पुस्तकाचे राहिले आणि चाल जत्रेतल्या पाळण्याची झाली.

उलट मपेट्सचा, म्हणजे अमेरिकी टीव्हीवरून गाजलेल्या बोलक्या बाहुल्यांचा, १९९२चा सिनेमा घ्या. बॉब म्हणजे कर्मिट बेडूक, मिसेस क्रॅचिट म्हणजे मिस पिगी, कारकून उंदीर, मार्ली एकाऐवजी दोन भाऊ. पोरं यात नाहीत, आणि ते मला खटकतं. पण या सिनेमाने एक काम केलं जे भल्याभल्यांना जमलं नाही. पुस्तकात गोष्ट सांगणारा माणूस सारखा मधे येतो, थट्टा करतो, वाचकाला म्हणतो की मी आत्ता तुमच्या कोपरापाशीच उभा आहे. बहुतेक सिनेमे त्याला गाळतात. मपेट्सनी गोंझो नावाच्या बाहुल्याला डिकन्स बनवून तो निवेदक परत आणला, आणि तो बोलतो त्यातली कितीतरी वाक्यं थेट पुस्तकातली आहेत. मायकेल केन एकदाही डोळा मारत नाही. समोर चिंध्यांच्या बाहुल्या आहेत हे त्याच्या गावीच नसल्यासारखा तो गंभीरपणे काम करतो, आणि म्हणून बाहुल्याही खऱ्या वाटतात.

## 'कार्टूनमधला स्क्रूज म्हणजे पोरांचा, नाही का?'

आपल्याकडच्या एका पिढीला स्क्रूज हे नाव भेटलं तेच मुळी कार्टूनमधून. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी हिंदीतलं 'डक टेल्स' लागायचं, त्यातले नाण्यांच्या ढिगात सूर मारणारे अंकल स्क्रूज. कार्ल बार्क्सने हे बदक १९४७ साली एका नाताळच्या चित्रकथेसाठी काढलं आणि नाव उघडच डिकन्सच्या म्हाताऱ्याचं ठेवलं. पुढे १९८३ मध्ये डिस्नेने त्याच बदकाला मूळ भूमिकेत उभं करून 'मिकीज ख्रिसमस कॅरल' केला. बॉब म्हणजे मिकी, मार्ली म्हणजे गूफी. गोष्ट २६ मिनिटांत उरकते आणि लहान मुलाला पहिल्यांदा दाखवायला ठीक आहे. त्यापलीकडे त्यात थांबण्यासारखं मला काही सापडत नाही.

गाण्यांचा म्हणून नाक मुरडू नये असा एक सिनेमा मात्र आहे, १९७०चा 'स्क्रूज', अल्बर्ट फिनीचा. भविष्यकाळात स्क्रूजच्या घरापुढे गर्दी जमलीय, सगळे ऋणको 'थँक यू व्हेरी मच' म्हणत नाचताहेत, एकजण तर शवपेटीवर चढून पाय आपटतोय. स्क्रूजला वाटतं की आपण काहीतरी भलं केलं म्हणून आभार मानताहेत, आणि तोही खुशीत त्यांच्याबरोबर गाऊ लागतो. आपल्या मरणाचा जल्लोष त्याच्याखेरीज सगळ्यांना कळलेला असतो. कर्जदारांचा आनंद पुस्तकात एका जोडप्यापुरता, दबक्या आवाजात आहे. इथे तो चौकात आला.

## 'जितका काळोख जास्त, तितका खरेपणा जास्त'

अलीकडचा हा समज आहे. बीबीसीने २०१९ मध्ये गाय पीअर्सला घेऊन तीन भागांची मालिका केली, पटकथा स्टीव्हन नाइटची. त्यात स्क्रूज आणि मार्ली कारखाने आणि खाणी स्वस्तात घेतात, खर्च कापतात, आणि त्यात माणसं मरतात. इथवर ती डिकन्सच्या रागाशी इमान राखते. पण मग बालपणातला अत्याचार येतो, बॉबच्या बायकोची विटंबना येते, आणि हसू कुठेच येत नाही. डिकन्सच्या पानोपानी हसू आहे. हंस भाजला जातोय, पुडिंग फुटेल की काय म्हणून घर श्वास रोखून बसलंय, आणि हे सगळं गरिबाच्या घरात. तो आनंद काढला की टिमचं मरण नुसतं एक आकडा होतं. या मालिकेची एक गोष्ट मात्र मानायला हवी. शेवटी स्क्रूज स्वतःसाठी माफी मागत नाही, आणि क्रॅचिट बाईही त्याला सहजासहजी ती देत नाही.

## 'एका श्रीमंताला पाझर फुटला, त्याने काय बदललं?'

हा सगळ्यात भक्कम आक्षेप. जॉर्ज ऑर्वेलने १९४० च्या निबंधात डिकन्सवर हेच म्हटलं होतं. डिकन्स व्यवस्था बदलायला सांगत नाही, माणसांनी चांगलं वागावं एवढंच सांगतो. बॉबचा पगार वाढला, पण कायदा तोच राहिला.

आक्षेप खरा आहे. पण पुस्तकात एक जागा आहे जी मला नेहमी अडवते. मार्ली गेल्यावर स्क्रूज खिडकीतून बाहेर पाहतो. हवेत साखळ्यांनी बांधलेली भुतं भटकताहेत. काही तर एकमेकांना जखडलेली आहेत, आणि डिकन्स कंसात म्हणतो, ही बहुधा अपराधी सरकारं असावीत. एवढंच, आणि गोष्ट पुढे जाते. म्हणजे साखळी एकट्या कंजुषाच्या कमरेला नाही, हे त्याला ठाऊक होतं. पुस्तकात मनपरिवर्तन आणि आरोप दोन्ही आहेत. मनपरिवर्तन पडद्यावर छान दिसतं, म्हणून सिनेमे ते उचलतात. आरोप कुणी उचलतं, कुणी झग्याखालीच ठेवतं.

म्हणून 'ख्रिसमस कर्मा'बद्दल मला कुतूहल वाटलं. समीक्षकांनी तो चांगलाच झोडपला. पण त्यातला सूद लहानपणी युगांडातून हाकलला गेलेला आहे. १९७२ साली इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्या लोंढ्यातला. आणि आता ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या या माणसाला नवे निर्वासित डोळ्यांसमोर नकोत. खडूसपणाचं कारण सात दशकं आईच्या खोलीत अडकलं होतं, इथे ते पुन्हा सरकारी हुकमात सापडलं. सिनेमा कसाही असो, बेलच्या त्या वाक्याच्या हा धागा जास्त जवळ जातो.

## मग पाहायचा कोणता?

एकट्याने, रात्री, दिवे मालवून पाहायचा असेल तर १९५१चा, आणि शक्य असेल तर मूळ कृष्णधवल. नंतर रंग भरलेल्या प्रतीत सिमच्या चेहऱ्यावरच्या सावल्या जातात. डिकन्सचा राग समजून घ्यायचा असेल तर १९८४चा. अर्ध्या तासात भागवायचं असेल तर रिचर्ड विल्यम्सचा, त्यात १९५१च्या सिमनेच पुन्हा स्क्रूजला आवाज दिलाय. २००९चा मोठ्या पडद्याशिवाय बघण्यात अर्थ नाही. १९३८चा वगळला तरी चालेल.

घरात मुलं असतील तर मपेट्सचा, पण प्रत नीट बघून घ्या. बेल स्क्रूजला सोडून जाते तिथे 'व्हेन लव्ह इज गॉन' हे गाणं होतं. मुलं कंटाळतील म्हणून स्टुडिओने ते चित्रपटगृहातल्या प्रतीतून काढून टाकलं, आणि मूळ चित्रफीत हरवली असं कितीतरी वर्षं सगळे धरून चालले होते. ती २०२० मध्ये सापडली आणि २०२२च्या डिसेंबरात डिस्ने प्लसवर गाण्यासकटची प्रत आली. तीही समोर दिसत नाही, 'एक्स्ट्राज'मध्ये जाऊन पूर्ण लांबीची प्रत निवडावी लागते. गाणं नसलेल्या प्रतीत बेल दोन वाक्यं बोलून निघून जाते, आणि शेवटी सगळे मिळून जे गाणं म्हणतात ते कशाला दिलेलं उत्तर आहे, याचा पत्ताच लागत नाही.